बटाटे उजवीकडे

आत्या आणि आई एकाच बाजूला गेल्या आहेत, हे दंतवैद्यांना स्वयंपाकघराच्या दारातूनच कळलं. काचेचं कपाट कुणाचं यावरून झालेल्या भांडणापासून त्यांची बहीण आणि त्यांची बायको एकमेकींशी तिसऱ्या माणसामार्फतच बोलत असत. आज दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहून एकाच केकवर पिठीसाखर भुरभुरवत होत्या. अशी युती झाली की तासाभरात घरातल्या कुणाला तरी शहाणपण शिकावं लागतं, असा त्यांचा अनुभव होता.

"वन्सं, तुम्ही मुख्याध्यापिका आहात. तुमचं ऐकेल ती," आई म्हणाली.

"वहिनी, शाळेतली मुलं माझं ऐकतात कारण त्यांना पळून जाता येत नाही. ही हेलिकॉप्टर चालवते."

"पदक नको म्हणजे काय? मी कापड बेतून ठेवलंय. समारंभात घालायचं म्हणून बाही अर्धी शिवून झाली."

आईचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि एकदा कात्री लागलेलं कापड वाया जाणं हे तिच्या लेखी पाप होतं. दंतवैद्यांनी केकची कड हळूच मोडून तोंडात टाकली आणि दोघींची नजर पडताच ती तशीच गिळली.

गोष्ट साधी होती. त्यांची मुलगी टिटवी हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायची. टिटवी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण पाळण्यात असताना ती रात्रंदिवस जे ओरडायची त्यावरून वरच्या आजोबांनी, म्हणजे दंतवैद्यांच्या वडिलांनी, ते ठेवलं आणि तेच टिकलं. गेल्या महिन्यातल्या पुरात तिनं एका लाँड्रीच्या छपरावर अडकलेली सगळी माणसं काढली, आणि तिच्या साहेबांनी तिचं नाव पदकासाठी पाठवलं. आज सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "पाच वाजता साहेबांना फोन करते आणि नको म्हणून सांगते. मी काही केलेलं नाही." एवढं बोलून तिनं बिस्कीट बुडवलं, आणि घरादाराचा चहा गार झाला.

दंतवैद्यांना याहून जास्त माहीत होतं. काल टिटवी त्यांच्या दवाखान्यात दाढ भरून घ्यायला आली होती. तोंडात कापसाचे बोळे असताना ती म्हणाली, "बाबा, मी उडणंच सोडणार आहे." तीस वर्षांच्या सरावानं दंतवैद्यांना बोळ्यांमागचं सगळं कळायचं. त्यांनी "का गं?" विचारलं खरं, पण तोवर त्यांचा हात सवयीनं पुढे गेला होता आणि यंत्र सुरू झालं होतं. दाढ भरून होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून उत्तर निघून गेलं. आपण आयुष्यात अगदी एकदाच थांबायला हवं होतं, असं त्यांना कालपासून वाटत होतं.

"मामंजींनाच सांगू या," आई म्हणाली. "त्यांच्या पदकाची गोष्ट ऐकली की पाघळेल. आज नाहीतरी उतरणं आहेच."

"हेच म्हणणार होते मी," आत्या म्हणाली, आणि तिनं साखरेचा डबा आपण होऊन वहिनीच्या हातात दिला. कपाटानंतर प्रथमच.

*

उतरणं म्हणजे काय, हे घरातल्या जावयांना लग्नाच्या बोलणीत सांगत नसत. आत्याच्या यजमानांनाही कुणी सांगितलं नव्हतं. घरात त्यांना सगळे जावईबापू म्हणत, आणि वर्षातून एक दिवस डावं चाक.

वरच्या आजोबांच्या दर वाढदिवसाला बैठकीच्या खोलीत विमान उतरायचं. जेवणाच्या खुर्च्या दोन रांगांत मांडल्या जायच्या. पुढच्या खुर्चीवर वरचे आजोबा, हातात लाटणं. शेवटच्या खुर्चीवर खालचे आजोबा, डोक्यावर टोपी. दंतवैद्य उजवं चाक, म्हणून ते उजव्या बाजूला नुसते पाय सोडून आरामात बसायचे. डावं चाक मात्र गोष्टीप्रमाणे वरच अडकलेलं असे. त्यामुळे जावईबापूंना डावीकडे बसून डावा पाय गुडघ्यात दुमडून उचलून धरावा लागे, आणि वरच्या आजोबांनी "घ्या" म्हटल्याशिवाय तो खाली टेकवायची परवानगी नव्हती. तरुणपणी त्यांना यात गंमत वाटली होती. आता गुडघा कुरकुरायचा. पण सासऱ्यांचं मन मोडायचं कसं, आणि बायकोचं मोडायची तर प्राज्ञाच नव्हती.

वरचे आजोबा आणि खालचे आजोबा या हुद्द्यांत मानापमान काही नव्हता. वरचे वरच्या मजल्यावर राहायचे, खालचे खालच्या. एकेकाळी दोघे एकाच मालवाहू विमानावर होते, वरचे पुढे चालवायला आणि खालचे मागे यंत्रं सांभाळायला. नंतर वरच्यांच्या मुलाशी खालच्यांच्या मुलीचं लग्न झालं, आणि कालपर्यंत एकमेकांना अरे-तुरे करणारे दोघे त्या दिवसापासून "अहो व्याही" म्हणू लागले. खालच्या आजोबांना तरुणपणीच टक्कल पडलं होतं आणि त्या काळापासून टोपी डोक्यावर होती. ते अंघोळीलासुद्धा टोपी घालून जातात, अशी घरात वदंता होती. त्यांच्या सख्ख्या मुलीनंही ती खोडून काढली नव्हती.

"सगळे बसले?" वरच्या आजोबांनी विचारलं. त्यांनी छातीवर पदक लावलं होतं. ते एरवी भांडण झालेल्या त्या काचेच्या कपाटात असायचं.

आजी, म्हणजे वरच्या आजोबांची बायको, स्टुलावर चढली. ती विमानतळाचा मनोरा होती आणि तिच्या हातात इशारे द्यायला टॉवेल होता.

"टिटवे, तू कुठे बसतेस? बटाटे व्हायला आता मोठी झालीस," वरचे आजोबा म्हणाले.

टिटवी हसली नाही. ती पुढच्या दुसऱ्या खुर्चीवर, आजोबांच्या शेजारी बसली. लहानपणी ती बटाटे व्हायची. विमानात त्या दिवशी सीमेवरच्या जवानांसाठी बटाट्यांची पोती होती, म्हणून एका मुलाला मागे खालच्या आजोबांच्या मांडीवर बसून बटाटा व्हावं लागे.

लाटणं पुढे झालं. वरच्या आजोबांनी गोष्ट सुरू केली. ढग, वारा, खाली दगड. मग उतरायची वेळ आली आणि डावं चाक बाहेर येईना. इथे सगळ्यांनी जावईबापूंकडे बघायचं असे. सगळ्यांनी बघितलं. जावईबापूंनी पाय आणखी इंचभर उचलला.

"आता एका चाकावर उतरायचं," वरचे आजोबा म्हणाले. "मी दात आवळले. लाटणं असं घट्ट धरलं. आणि विमान धावपट्टीवर सरळ रेषेत आलं. शेवटी शेवटी जराशी पंखाची कड खरचटली, बस. कसं? हाताच्या जोरावर."

एरवी इथे टाळ्या पडायच्या. आत्यानं टाळीसाठी हात उचलूनही ठेवले होते.

"आजोबा," टिटवी म्हणाली, "हातानं नाही होत ते."

"काय नाही होत?"

"वेग असेतोवर हातानं पंख उचलून धरता येतो. वेग कमी झाला की डावी बाजू आपटणारच आणि विमान गोल फिरणार. तुमचं सरळ गेलं. म्हणजे वजन उजवीकडे होतं. बटाटे कुठे होते?"

"मागे होते. बटाटे पुढे बसवतात का?"

"मागे कुठे? मी बटाटे असायचे तेव्हा खालचे आजोबा मला कायम उजव्या मांडीवर घ्यायचे. डावीकडे सरकले की उचलून परत उजवीकडे. मला वाटायचं त्यांची डावी मांडी दुखते."

खोलीतले सगळे मागे वळले. खालचे आजोबा टोपीची कड चाचपत कपाटाकडे बघत होते.

"बाबा?" आई म्हणाली.

"जुन्या गोष्टी आहेत," खालचे आजोबा म्हणाले. "केक कापा."

"बाबा, बटाटे कुठे होते?"

"उजवीकडे," खालचे आजोबा म्हणाले.

वरच्या आजोबांना उचकी लागली.

*

या उचकीबद्दल घरात सगळ्यांना माहीत होतं. वरचे आजोबा दचकले की त्यांना उचकी लागायची. लग्नात लागली होती, मुलगा झाला तेव्हा लागली होती, आणि मुलानं पहिल्यांदा त्यांचाच दात काढला तेव्हा तर इतकी की दात हातात आला पण पक्कड सुटली.

"म्हणजे," उचकी, "तू पोती हलवलीस?"

खालच्या आजोबांना आता मागे जायला वाट नव्हती, तेव्हा ते पुढे आले. इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट दर वाढदिवसाला तोंड मिटून ऐकली होती. मित्राला पदक मिळालंय, मिरवू दे, आपलं काय जातं, असा त्यांचा विचार होता. पुढे मुलगीच त्या घरात दिल्यावर तर बोलायची सोयच उरली नाही. मुलीच्या सासऱ्याला खोटं पाडून मुलीचा बाप काय मिळवणार? पण आज नात विचारत होती, आणि नातीपुढे त्यांचं काही चालत नसे.

"चाक अडकलेलं मला आधी कळलं," ते म्हणाले. "यांना सांगितलं असतं तर यांना उचकी लागली असती. उचकी लागली की हात उडतो. हात उडाला की विमान उडतं, नको तिकडे. म्हणून मी यांच्या कानावरच्या यंत्राची पिन काढली आणि रेडिओ गेला म्हणून सांगितलं, म्हणजे खालून कुणी बोंबलायला नको. समोर चाकाचा लाल दिवा लागला होता, तो झाकला. मग मागे गेलो आणि पोती ओढली. कंबर त्या दिवशी गेली ती गेलीच."

"आणि बाबांना काहीच ठाऊक नव्हतं?" आत्याचा आवाज शाळेच्या पटांगणावर जातो तेवढा चढला.

"अहो, हे गात होते. मी पोती ओढतोय आणि हे पुढे मजेत गाताहेत. उतरल्यावर साहेब धावत आले, म्हणाले, चाक अडकलेलं असताना काय उतरवलंस. तर हे म्हणाले, कुठलं चाक? साहेबांना वाटलं काय हा विनय. पदकासोबतच्या मजकुरात लिहिलंय ना, असामान्य शांतचित्त. शांतच असणार. ठाऊकच नव्हतं."

युती मोडायला एवढं पुरेसं होतं.

"वहिनी, तुमचे वडील माझ्या वडिलांना खोटारडे म्हणताहेत," आत्या म्हणाली. "त्यांच्या वाढदिवशी. त्यांचा केक टेबलावर असताना."

"माझ्या वडिलांची कंबर गेली, वन्सं. आणि पदक तुमच्या कपाटात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय."

"कपाट काढू नका. कपाटाचं मी बोललेले नाही."

"मी नाग?" वरच्या आजोबांनी उचकीसकट विचारलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही," आजी स्टुलावरून म्हणाली. तिला खाली उतरवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

दंतवैद्य लेकीकडे बघत होते. तिचा चेहरा काल खुर्चीत होता तसाच झाला होता. ती म्हणाली, "बघितलंत? हे असंच असतं. कावळा बसतो, फांदी मोडते, आणि पदक कावळ्याला देतात. म्हणून मला नकोय."

"थांब," वरचे आजोबा म्हणाले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं, मोठा श्वास घेतला आणि एका जुन्या गाण्याचं कडवं चुकीच्या चालीत गायला सुरुवात केली. उचकी थांबली. मग ते मागे वळले आणि व्याह्यांकडे बघून म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं तुम्हाला? बटाटे?"

"बटाट्यांचं आत्ता कळलं. उतरल्यावर लोकांनी मला उचलूनच नेलं, मागे बघू कुठे दिलं. पण चाकाचं ठाऊक होतं. रेडिओ गेला म्हणालास, मी मानलं. दिवा बिघडलाय, डोळ्यावर येतोय म्हणालास, तेही मानलं असतं. पण तू तो दिवा कशानं झाकलास?"

खालचे आजोबा पुन्हा कपाटाकडे बघू लागले.

"टोपीनं," वरचे आजोबा म्हणाले. "अरे, सहा वर्षं आपण एका खोलीत राहिलो. साहेबांच्या समोर काढायचा नाहीस. झोपताना काढायचा नाहीस. त्या दिवशी तू ती आपण होऊन काढलीस आणि दिव्यावर अडकवलीस. म्हटलं, संपलं. हा टोपी काढतोय म्हणजे आज आपण मरतोय."

"मग गात का होतास?"

"उचकी येऊ नये म्हणून."

"गाताना उचकी येत नाही, हे मी लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं त्यांना," आजी म्हणाली. "ते गात उतरले असं कळलं तेव्हाच मी ओळखलं, माणूस किती घाबरलाय ते. पण मला कुणी विचारलंच नाही."

खालच्या आजोबांचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला. "आणि ते 'कुठलं चाक'?"

"मला कळलं होतं म्हटलं असतं तर तुझी सगळी धडपड फुकट गेली असती. एवढी टोपी काढलीस." वरच्या आजोबांनी छातीवरचं पदक काढलं. "पण बटाट्यांचं सांगायला हवं होतंस, गाढवा. मी इतकी वर्षं हाताच्या जोरावर म्हणून सांगत राहिलो. धर. हे तुझं."

"मला नको. उतरवलंस तू."

"सरळ ठेवलंस तू."

"मी घेणार नाही."

"मीही ठेवणार नाही."

लग्नापासून जपलेलं "अहो" कधीच हवेत विरलं होतं. दोन म्हातारे एकमेकांच्या हातात पदक कोंबत होते आणि दोघेही मुठी आवळून धरत होते. शेवटी वैतागून वरच्या आजोबांनी ते सगळ्यात जवळच्या हातात ठेवलं. तो जावईबापूंचा होता. त्यांचा डावा पाय अजून हवेतच होता आणि हात रिकामा होता, एवढीच त्यांची पात्रता.

*

टिटवीला हसू फुटलं. ती बराच वेळ हसली, आणि मग आईच्या लक्षात आलं की हसू कधीच थांबलंय आणि ही रडतेय. आई सगळं सोडून तिच्या खुर्चीपाशी खाली बसली. आत्यानं टॉवेल मनोऱ्याकडून काढून घेतला आणि टिटवीच्या हातात दिला.

"सांग आता," दंतवैद्य म्हणाले. "का सोडायचंय उडणं?"

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्याचा हिशेब नंतर होणार हे त्यांना कळलं. पण टिटवी बोलायला लागली होती.

"सगळे म्हणतात मी त्या वाऱ्यात छपरावर थांबून राहिले. पदकाच्या मजकुरातही तेच आहे. पण मी थांबले नव्हते. अडकले होते." तिनं नाक पुसलं. "लाँड्रीच्या छपराच्या कठड्यावर मी एक चाक टेकवलं. तिथे चादरी वाळत घालायच्या तारा होत्या. मला दिसल्या नाहीत. ठरलं होतं की चार माणसं घ्यायची आणि निघायचं, दुसऱ्या खेपेला परत यायचं. चार घेतली, निघायला गेले, तर चाकात तार. हलताच येईना. मग दोरवाला म्हणाला, थांबलोच आहोत तर सगळ्यांना घेतो."

"दोरवाला कोण?" आत्यानं विचारलं.

"माझ्या मागे असतो. दोर सोडतो, माणसं ओढून आत घेतो. त्याचे दोन्ही हात गुंतलेले. सगळी माणसं आत आली. लाँड्रीवाला गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं सोडायला तयार नव्हता, तेही आलं. मग दोरवाल्यानं बाहेर लोंबकळून पकडीनं तार तोडली. मी काय केलं? तारा न बघता चाक टेकवलं. एवढंच. नंतर जेव्हा जेव्हा हेलिकॉप्टरमध्ये बसते तेव्हा वाटतं, पुढच्या वेळी तार दिसली नाही तर माणसं मरतील. आणि मला पदक देताहेत."

टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, हे आत्या तिच्या शाळेत दरवर्षी फळ्यावर लिहायची. आता ते आठवलं तेव्हा तिनं ते मनातच ठेवलं.

खालच्या आजोबांनी घसा खाकरला. जन्मभर यंत्रं उघडून बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखात शिरायची एकच वाट ठाऊक असते. "तार केवढी जाड?"

"आजोबा, आता काय त्याचं."

"सांग तर."

तिनं करंगळीच्या नखाचं अर्धं दाखवलं.

"तुझ्या मशीनच्या जोरापुढे ती म्हणजे तुझ्या आईच्या मशीनमधला दोरा. एक हिसका दिला असतास तर तुटली असती. ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"मग दिला का नाहीस?"

दंतवैद्य पुढे झुकले होते, पण या वेळी त्यांचे हात मांडीखाली होते.

"दुसरं टोक छपरावर होतं," ती हळूहळू म्हणाली. "तिथे माणसं रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारी होती. तार तुटली असती तर चाबकासारखी फिरली असती. चेहऱ्यावरच बसली असती."

"म्हणजे चार माणसं घेऊन हिसका देऊन निघता आलं असतं तुला."

"हो. पण..."

"मग अडकली कुठे होतीस?" खालचे आजोबा म्हणाले. "थांबलीच होतीस की."

"पण आजोबा, मी असा काही शूर विचार केला नाही. नुसती घाबरले होते. हात थिजला होता."

"मी गात होतो," वरचे आजोबा म्हणाले. "माझ्या गाण्याबद्दल मला असामान्य शांतचित्त मिळालं. त्यांना काय दिसतं आणि आपण काय केलं, यांचा मेळ बसला असता तर पदकं वाटायला माणसं कशाला लागली असती? पण तारा बघत जा. ते मात्र तुझं चुकलं."

"हो," टिटवी म्हणाली. चुकलं म्हणणारं कुणीतरी भेटलं, याचं तिला बरं वाटलेलं दिसलं.

*

पाच वाजले. काय बोलणार हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिनं फोन टेबलावर केकशेजारी ठेवला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव, ही आत्याची अट होती, आणि वहिनीनं तिला पाठिंबा दिला. युती परत जुळली होती, फक्त विषय बदलला होता.

पलीकडे साहेबांच्या फोनची घंटी वाजू लागली. आईनं अर्ध्या शिवलेल्या बाहीचा चोळामोळा करून हातात धरला. हिला सगळ्या घरानं मिळून कुठे ढकललं तर नाही ना, असं तिला वाटत होतं. कापड गेलं खड्ड्यात.

खालचे आजोबा उठले. कुणाकडे न बघता त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कपाटाच्या कोपऱ्यावर अडकवली.

वरच्या आजोबांनी ते बघितलं, आणि ते गाऊ लागले.

"बोल," फोनवर साहेब म्हणाले.

"साहेब, मजकुरात चूक आहे. माझं चाक तारेत अडकलं होतं. चादरी वाळत घालायच्या. मला ती दिसली नव्हती."

"मला ठाऊक आहे. तुझ्या दोरवाल्यानं उतरल्या उतरल्या सांगितलं. तू ती ओढली नाहीस हेही त्यानंच सांगितलं. म्हणून तर नाव पाठवलं."

टिटवी फोनवर वाकली. "मग तुम्ही नुसतं वाऱ्याचं का लिहिलंत?"

"वरच्या कार्यालयात चादरींची तार लिहून पाठवली असती तर हसले असते."

"हसू देत. तार लिहा, साहेब. मला दिसली नाही, हे पण लिहा. आणि दोरवाल्याचं नाव माझ्या आधी."

"आधी नाही. शेजारी लिहितो. आणि सोमवारचं काय? सोमवारी उड्डाणांच्या यादीत आहेस."

आईनं बाही सोडली.

"सोमवारी उडते," टिटवी म्हणाली.

"बरं. तुझ्या मागे हे कोण गातंय?"

"माझे आजोबा आहेत. घाबरलेत."

फोन बंद झाला तरी वरचे आजोबा कडवं पुरं करूनच थांबले. अर्ध्यात सोडलं तर उचकी परत येते. आईनं बाही उचलून उजेडात धरली आणि शिवण तपासली. आत्यानं केकची सुरी वहिनीपुढे केली आणि म्हणाली की ते कपाट मुळात आपल्या कामाचं नव्हतंच. आजीला अखेर कुणीतरी स्टुलावरून उतरवलं. खालच्या आजोबांचं डोकं आज वरच्या आजोबांखेरीज सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. ते साधं, गोल आणि अगदी गुळगुळीत होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते स्वतः टोपी परत घालायची विसरून खुर्चीवर बसले होते.

मग डावीकडून आवाज आला. जावईबापू पदक मुठीत धरून तसेच बसले होते आणि त्यांचा गुडघा थरथरत होता.

"चाक खाली घेऊ का?" त्यांनी विचारलं.

वरच्या आजोबांनी मागे वळून व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी मान हलवली.

"घ्या," वरचे आजोबा म्हणाले.